गायिकेसारखं जॅकेट घेतलं, पण अंगावर परकं वाटतं

ताई,
मला चित्रप्रदर्शनं बघायला आवडतात आणि कानात दिवसभर गाणी असतात. बहुतेक इलेक्ट्रॉनिक, थोडं हिप-हॉप. मोबाइलमध्ये चित्रांचे, गायकांच्या कपड्यांचे, अल्बमच्या मुखपृष्ठांचे शेकडो फोटो साठवलेत. पण कपाट उघडलं की तेच राखाडी शर्ट नि त्याच जीन्स. मध्यंतरी धीर करून माझ्या आवडत्या गायिकेसारखं चंदेरी जॅकेट घेतलं. पहिल्याच दिवशी ऑफिसात एकाने विचारलं, ‘आज फॅन्सी ड्रेस आहे का?’ सगळे हसले, मीही हसले. जॅकेट तेव्हापासून खुंटीला आहे. जे इतकं मनापासून आवडतं ते माझ्यावर का शोभत नाही? आणि दुसऱ्याच्या कलेतून आपली स्टाइल काढायची म्हणजे शेवटी उसनवारीच ना? आणि हो, पुढच्या महिन्यात एका बँडच्या मैफलीला जायचंय. तिथे त्याच बँडचा टी-शर्ट घालून जाणं बावळटपणाचं, असं मैत्रीण म्हणते.
– कपाटापुढची

कपाटापुढची,

त्या सहकाऱ्याचा विनोद बरा होता, हे आधी मान्य करून टाकू. शिवाय तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. फॅन्सी ड्रेसमध्ये आपण जे घालतो त्याची गरज दुसऱ्या कुणाला तरी असते. तुझ्या गायिकेला चंदेरी जॅकेट लागतं, कारण तिच्यावर चारही बाजूंनी दिवे पडतात आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ती दिसायला हवी असते. तुझ्या डोक्यावर ट्यूबलाइट आहे आणि तुझी शेवटची रांग म्हणजे पलीकडचा प्रिंटर.

कलावंताने काय घातलंय ते आपण लगेच टिपतो. ते का घातलंय हे विचारायचं राहून जातं, आणि उचलण्यासारखं जे असतं ते तिथेच असतं.

‘टॉकिंग हेड्स’ या बँडचा गायक डेव्हिड बर्न घे. १९८४ साली त्यांच्या मैफलीचा चित्रपट आला. त्यात तो एक अवाढव्य सूट घालून येतो. खांदे इतके रुंद की माणूस आत हरवलाय असं वाटावं. जपानच्या नोह नाटकातल्या पोशाखांचे रुंद, चौकोनी आकार त्याच्या मनात होते आणि त्याला आपलं डोकं लहान दिसायला हवं होतं. डोकं काही लहान करता येत नाही, म्हणून त्याने अंग मोठं केलं. तो सूट घालून तू ऑफिसात गेलीस तर फॅन्सी ड्रेसचा प्रश्न पुन्हा येईल, आणि या वेळी तो रास्त असेल. पण प्रमाण बदललं की बघणाऱ्याची नजर हलते, ही त्यामागची युक्ती तुझ्याही कामाची आहे. रुंद पायांच्या पँटवर आखूड, अंगासरसा शर्ट घालून बघ. मग तोच शर्ट ढगळ घे आणि पँट अरुंद. आरशात दोन वेगळ्या बायका दिसतील. त्यातली कोणती आपली वाटते, एवढंच ठरवायचं.

जनेल मोने ही अमेरिकन गायिका कारकिर्दीची सुरुवातीची बरीच वर्षं फक्त काळा आणि पांढरा घालायची. तिची आई सफाईकाम करायची, वडील कचऱ्याची गाडी चालवायचे आणि सावत्र वडील टपाल खात्यात होते. म्हणजे घरात सगळ्यांना गणवेश. त्यांच्या कष्टांची आठवण म्हणून तिने स्वतःलाही गणवेश लावून घेतला. पुढे तिच्या कपड्यांत रंग आले, तो गणवेश सुटला. गायिका बिली आयलिश ढगळ कपडे घालायची ते अंगावर कुणी शेरे मारू नयेत म्हणून, आणि २०२१ मध्ये एका मासिकाच्या मुखपृष्ठावर ती कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी घट्ट चोळी, घालून आली. कारण बदललं की कपडा बदलतो. यात खोटेपणा काही नाही, उलट कारण संपल्यावरही तोच कपडा ओढत राहणं जास्त खोटं.

कारण तोडून नुसता कपडा उचलला की काय होतं, ते फॅशनच्या धंद्यातच एकदा चांगलं दिसलं. १९९० च्या आसपास अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात ग्रंज नावाचं खरखरीत रॉक वाजवणाऱ्या बँडमधली पोरं चौकड्यांचे जुने फ्लॅनेल शर्ट घालायची. ते स्वस्त मिळायचे आणि उबदार असायचे, बस. नोव्हेंबर १९९२ मध्ये फॅशन डिझायनर मार्क जेकब्सने ‘पेरी एलिस’ या कंपनीसाठी त्याच थाटाचं आख्खं कलेक्शन रॅम्पवर आणलं, आणि त्यातले काही ‘फ्लॅनेल’ शर्ट चक्क रेशमाचे होते, वर नुसती चौकड्यांची छपाई. समीक्षकांनी झोडपलं आणि थोड्याच दिवसांत त्याची नोकरी गेली. आज तेच कलेक्शन फॅशनच्या इतिहासात मानाने सांगितलं जातं, ही या धंद्याची गंमत. पण तू रॅम्पवर चालत नाहीस, तुला इतिहासाने दाद देईपर्यंत थांबायला वेळ नाही.

आता मोबाइल हातात घे. शेकडो फोटो साठवले म्हणजे निवड अजून झालेलीच नाही. एका बैठकीत ते दहा-बारांवर आण, आणि आणताना कपड्यांचे फोटो आधी बाजूला काढ. हे उलटं वाटेल, पण कपड्याच्या फोटोतून आपल्याला फक्त तो कपडा विकत घ्यायचं सुचतं. चित्र, शिल्प किंवा एखादी इमारत बघताना मात्र ‘हे कुठे मिळेल’ हा प्रश्नच येत नाही, त्यामुळे डोळ्यांना खरं काम करावं लागतं. उरलेल्या प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिही: यात नेमकं काय आवडलं? ‘छान’, ‘भारी’, ‘वेगळं’ हे शब्द चालणार नाहीत. ‘निळा रंग’ हेही ढोबळ झालं. ‘निळ्याला अगदी खेटून आलेला मळकट पिवळा’ असं काही लिहिता आलं तर तू खरंच बघितलंस.

आणि जमेल तेव्हा ती चित्रं प्रत्यक्ष बघ. तू प्रदर्शनांना जातेस हे तुझं मोठं भांडवल आहे. फोनच्या पडद्यावर पोत मरतो, आकार कळत नाही. घानाचे शिल्पकार एल अनात्सुई यांचं काम फोटोत झुळझुळीत सोनेरी वस्त्रासारखं दिसतं. जवळ गेलं की कळतं, बाटल्यांची चपटी केलेली हजारो धातूची झाकणं तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधलेली आहेत. लांबून रेशीम नि जवळून पत्रा. हा अनुभव डोळ्यांत असेल तर कापडाकडे बघण्याची सवयच बदलते. दुकानात आधी बोटं पुढे जातात, मग किमतीचं लेबल.

चित्र अंगावर आणायचं म्हणजे चित्र छापलेला टी-शर्ट घ्यायचा, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. छापलेल्या टी-शर्टशी माझं भांडण नाही, पण ते म्हणजे चित्राचं पोस्टर झालं. १९६५ मध्ये फ्रेंच फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँने डच चित्रकार मोंद्रियानच्या चित्रांवरून झगे केले, ते नीट बघ. पांढऱ्यावर काळ्या रेघा, मधे लाल, निळे, पिवळे चौकोन. वरवर बघणाऱ्याला छपाई वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक चौकोन लोकरीच्या जर्सी कापडाचा वेगळा तुकडा आहे आणि ते सगळे एकमेकांना जोडून झगा उभा केलाय. शरीराच्या वळणासाठी कापडाला जो आकार द्यावा लागतो, तो त्याने रेघांच्या शिवणींत लपवला. म्हणून झगा सपाट दिसतो आणि अंगावर नीट बसतोही. चित्राची जी मांडणी होती, ती इथे कपड्याची बांधणी झाली.

तुला शिवणकाम येत नसलं तरी हे करता येतं. चित्रकार नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) यांची रेखाटनं बघितली असशील. नसशील तर शोध. कागदावर शाई आणि पेन्सिल, बहुतेक सगळं काळं, पांढरं नि राखाडी. पट्टीने ओढलेल्या बारीक रेघा, आणि खरा खेळ रेघांमधल्या अंतराचा. रेघा जवळ येतात, दूर जातात, एखादी मधेच थांबते, एखादी तिरकी निसटते. हे बघून कुणी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घेतला तर त्याला चित्राचा विषय कळला, चित्र नाही कळलं. तिथून घ्यायचं ते अंतर. बाही मनगटाच्या किती वर थांबते, कॉलरची कड गळ्यापासून किती लांब राहते, पँट घोट्यावर कुठे संपते. बाही दोन बोटं वर दुमडली की हात लांब दिसतो आणि घड्याळाला जागा मिळते. पैसा न घालता आजच करता येईल असा बदल आहे हा. माझ्या मते तर कपड्यातली नव्वद टक्के नजाकत कडांवर असते, मधल्या कापडाला उगाच श्रेय मिळतं.

चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या कॅनव्हासपुढे उभं राहिलं तर आणखी एक गोष्ट हाती लागते. पहिल्या नजरेला एकच रंग दिसतो. थांबलं की त्याच रंगाचे थर दिसायला लागतात, कारण त्यांनी रोलरने आणि पॅलेट नाइफने रंग चढवलाय, खरवडलाय, पुन्हा चढवलाय. काही जागा धूसर, काही चमकदार, एखादी जणू मागून उजळलेली. आता हेच कपड्यांत बघ. अंगभर एकच रंग, पण पोत तीन: धुऊन मऊ झालेला सुती शर्ट, जाडसर लिननची पँट, गुळगुळीत चामड्याचा पट्टा. रंग एकच असला की पोत आपोआप पुढे येतो.

इथे तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. राखाडी शर्टांबद्दल तू असं लिहिलंस जणू ते कुणी तुझ्या कपाटात आणून कोंबलेत. ते तूच घेतलेस ना? पुन्हा पुन्हा घेतलेस. निवडलेल्या दहा-बारा फोटोंमध्ये राखाडी, धुरकट, सिमेंटी छटा किती निघतात, ते जरा मोज. माझा अंदाज आहे की बऱ्याच निघतील. तसं झालं तर राखाडी ही तुझी अडचण नाही, ती तुझी निवड आहे. फक्त सगळे शर्ट एकाच पोताचे, एकाच मापाचे नि एकाच लांबीचे असल्यामुळे ती अजून दिसत नाहीये.

लुईज बुर्ज्वा या शिल्पकार स्त्रीने (१९११–२०१०) आयुष्यभर आपले कपडे जपून ठेवले होते, आईचेही. ऐंशीच्या उंबरठ्यावर नि पुढे तिने ते बाहेर काढले आणि त्यांतून शिल्पं केली. १९९६ च्या एका कामात तिचे जुने कपडे जनावरांच्या हाडांवर टांगलेले आहेत, हँगरच्या जागी हाडं. बघून अंगावर काटा येतो. तुला असलं काही करायला सांगत नाही, पण नवीन घेण्याआधी जुनं बाहेर काढ, हे तिच्याकडून जरूर घे. कोणता कपडा घातल्यावर तू दिवसभर त्याचा विचारच केला नाहीस? कोणता फाटायला आला तरी टाकवत नाही? गायिका उषा उथुप १९६९ पासून नाइटक्लबात पॉप नि जॅझ गात आल्या त्या साडी नेसूनच. त्या काळी तिथे कुणी त्या वेशाची अपेक्षा केली नसेल. त्यांनी कपडे बदलले नाहीत, जागा बदलली, आणि त्यातून अशी ओळख तयार झाली की आज सावलीवरूनही माणूस ओळखू येईल.

उसनवारीबद्दल तू विचारलंस, आणि तू हिप-हॉप ऐकतेस, म्हणजे उत्तर तुझ्या कानातच आहे. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्कच्या लक्षात आलं की लोक सगळ्या गाण्यावर नाचत नाहीत, मधल्या तालवाद्यांच्या तुकड्याची वाट बघतात. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून तो तुकडा लांबवायला सुरुवात केली. पुढे सॅम्पलिंग आलं: जुन्या गाण्यातले काही सेकंद घ्यायचे, वेग बदलायचा, वर नवा ताल चढवायचा. आख्खं गाणं जसंच्या तसं वाजवणाऱ्याला आपण निर्माता म्हणत नाही. दोन सेकंद उचलून त्यांची जागा बदलणाऱ्याला म्हणतो. तुझं जॅकेट फसलं कारण तू आख्खं गाणं उचललंस.

ज्याला आपण अस्सल समजतो तेही कितीदा उसनंच असतं. ब्रिटिश-नायजेरियन कलावंत यिंका शोनिबारे आपल्या शिल्पांना ज्या झगझगीत नक्षीच्या कापडाचे कपडे घालतो, ते कापड जगभर आफ्रिकन म्हणून ओळखलं जातं. मुळात ती इंडोनेशियाच्या बाटिकची डच गिरण्यांनी यंत्रावर केलेली नक्कल. ती पश्चिम आफ्रिकेत खपली आणि तिथल्या लोकांनी तिला आपलं करून टाकलं. शोनिबारे त्याच कापडाचे व्हिक्टोरियन काळातल्या घाटाचे कपडे शिवतो, म्हणजे सगळा प्रवास एका कोटात. तेव्हा घेण्याबद्दल लाजू नकोस. फक्त एखाद्या समाजाच्या पूजेची, शोकाची किंवा मानाची खूण असेल तर ती नुसती सुंदर दिसते म्हणून उचलू नये, आणि एखाद्या छोट्या कलाकाराचं डिझाइन आवडलं तर त्याची स्वस्त नक्कल न घेता त्याच्याकडूनच घ्यावं.

इलेक्ट्रॉनिक संगीताकडून मला वाटतं तुला सगळ्यात जास्त मिळेल, आणि तिथे तर कपडे बघायचीही गरज नाही. स्टीव्ह राइक या संगीतकाराने १९६० च्या दशकात एक प्रयोग केला. दोन वादक एकच छोटा स्वरसमूह वाजवतात, वाजवत राहतात, आणि त्यातला एक किंचित वेग वाढवतो. सूर तेच, पण हळूहळू ते एकमेकांवरून सरकतात आणि कुणीच न वाजवलेल्या चाली ऐकू यायला लागतात. तुझ्या आवडीच्या संगीतातही हेच आहे: लूप चालू राहतो, एक गोष्ट बदलते. आठवडाभर कपडे असे घालून बघ. पँट तीच, बूट तेच, शर्ट राखाडीच, आणि रोज फक्त एक गोष्ट सरकव. एक दिवस बाही, एक दिवस पट्टा, एक दिवस शर्ट खोचलेला, एक दिवस मोठं कानातलं. सोमवारी कुणाच्या लक्षात येणार नाही. गुरुवारपर्यंत कुणीतरी म्हणेल, काहीतरी छान दिसतंय, काय ते कळत नाही. सुरुवातीला इतपत दाद पुरे.

आणखी एक, आरशासमोर ताठ उभं राहून कपडा ठरवू नकोस. जपानी फॅशन डिझायनर इस्से मियाकेने आपले चुण्यांचे कपडे १९९१ मध्ये नृत्यदिग्दर्शक विल्यम फोर्साइथच्या नर्तकांना नाचताना घालायला दिले. १९९३ मध्ये त्यातूनच त्याची ‘प्लीट्स प्लीज’ ही मालिका आली. कपडा मापापेक्षा दोन-तीन पट मोठा शिवायचा आणि मग उष्णतेने दाबून त्याला चुण्या पाडायच्या, म्हणून तो अंगाबरोबर उघडतो नि मिटतो. निक केव्ह या अमेरिकन शिल्पकाराने तर १९९२ पासून ‘साउंडसूट’ केले, चालताना आवाज करणारे पोशाख. पहिला सूट वाळलेल्या काटक्यांचा होता. तेव्हा घेण्याआधी हात वर कर, खाली बस, जिना चढ, आणि कान दे. काही कापडं चालताना सळसळतात, काही जॅकेटं प्रत्येक हालचालीला कुरकुरतात. दिवसभर संगीत ऐकणाऱ्या मुलीला तो आवाज संध्याकाळपर्यंत नको होईल.

आता ते चंदेरी प्रकरण. तुला त्यातलं काय हवं होतं ते एकदा ठरव. चकाकी हवी असेल तर ती हाताच्या तळव्याएवढ्या जागेत आण: बूट, पट्टा, एखादं कडं. राखाडीशेजारी चंदेरी म्हणजे त्याच रंगाची चमकणारी बहीण, वेगळी ओरडणार नाही. जॅकेटचा तो आखूड, चौकोनी आकार आवडला असेल तर तसंच जॅकेट जाड सुती कापडात शोध किंवा शिवून घे. आणि गायिकेचा धीटपणा हवा असेल तर तो शिवून मिळत नाही. त्यासाठी त्या सहकाऱ्याला पुढच्या वेळी ‘हो, आणि पहिलं बक्षीस माझंच’ असं सांगायची तालीम कर. या तिन्हींतलं काहीच नसेल तर जॅकेट विकून टाक, अपराधी वाटून घेऊ नकोस.

ऑफिसात लगेच सगळं दाखवलं पाहिजे असंही नाही. चित्रकार डेव्हिड हॉकनी दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालतो म्हणून प्रसिद्ध आहे. तशी एखादी जागा स्वतःसाठी ठेव, जिथे कुणाला हिशेब द्यावा लागत नाही. लोकांना सवय व्हायला वेळ लागतो. एकदा घातलेला कपडा टिंगलीचा विषय होतो, तोच पाच वेळा घातला की ‘हिचं असंच असतं’ म्हणून सोडून देतात.

ता. क. पुढच्या महिन्यातल्या मैफलीला त्याच बँडचा टी-शर्ट घालून जाणं बावळटपणाचं आहे, असं तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं आहे. खुशाल घाल. बँडकडूनच घेतलेल्या टी-शर्टच्या पैशांतला काही वाटा त्यांच्यापर्यंत पोचतो आणि अनेक छोट्या बँडना त्याचाच आधार असतो. पायात मात्र दोन-तीन तास उभं राहता येईल असं काहीतरी हवं, आणि खिशात इअरप्लग. टी-शर्ट तिथेच घेणार असशील तर गाणी सुरू व्हायच्या आधी घे. मधली मापं आधी संपतात.